छत्री दुरुस्ती, सोमवारी बंद

जेवायला बसता बसता हॉलमधला फोन वाजला आणि घरातली तिन्ही माणसं ओव्हनकडे बघू लागली. नवा ओव्हन आल्यापासून वेळीअवेळी शिट्ट्या मारत असे, त्यामुळे घरात काहीही वाजलं की संशय आधी त्याच्यावर जाई. फोन वाजू शकतो हे तर सगळे विसरूनच गेले होते. भिंतीलगतच्या लहान टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली तो पडून असे. सासूबाई स्वतःचं घर बंद करून लेकीकडे राहायला आल्या तेव्हा एक आरामखुर्ची आणि हा फोन, जुन्या नंबरासकट, हट्टाने सोबत घेऊन आल्या होत्या. मैत्रिणींकडे हाच नंबर आहे, असं त्यांचं म्हणणं. मैत्रिणींनी तो अजून एकदाही लावला नव्हता, आणि तरी सासूबाईंची खुर्ची त्या टेबलापासून हातभर अंतरावरच असे.

सासूबाईंनी रिसीव्हर उचलला, थोडं ऐकलं आणि रिसीव्हरवर हात धरून म्हणाल्या, "एक माणूस लिफ्टमध्ये अडकलाय म्हणतोय."

"कुठल्या लिफ्टमध्ये?" जावयाने विचारलं.

"दोन मजल्यांच्या मधे आहे एवढंच कळतंय त्याला."

राँग नंबर आहे, ठेवून द्या, असं लेकीने खुणेने सांगितलं. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला राँग नंबर म्हणून ठेवून देणं सासूबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला खाली बसायला लावलं, कॉलरचं बटण सैल करायला सांगितलं, मुलं किती, बायको काय करते, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी बाहेरून कुणीतरी दार उघडलं तेव्हा तो माणूस त्यांचे आभार मानत होता. सासूबाई जेवणाच्या टेबलापाशी परत आल्या त्या गार झालेल्या जेवणाकडे न बघता. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज लेकीनेही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"त्याला लिफ्ट दुरुस्तीवाले हवे होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वेबसाइटवर हाच नंबर आहे म्हणे."

जावयाने तेव्हा मान डोलावली आणि मीठ मागून घेतलं. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ आपल्याच ताटासमोर बसलंय, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

हे जावई एका कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहायचे. कंपनी एक फ्रेमवर्क बनवायची, म्हणजे वेबसाइट बांधण्यासाठी लागणारा तयार सांगाडा. प्रोग्रॅमर मंडळी तो फुकट उतरवून घेत आणि त्यावर कुणी दवाखान्याची, कुणी शिकवणीची वेबसाइट उभी करत. तो सांगाडा कसा वापरायचा हे साध्या भाषेत सांगणारी मार्गदर्शिका लिहिणं हे यांचं काम. महत्त्वाची सूचना आली की ते ती ठळक अक्षरात चौकटीत टाकत, म्हणून ऑफिसात त्यांना सगळे चौकटराव म्हणत. सासूबाईंना मात्र जावई नेमकं काय करतात हे लग्नापासून आजवर कळलं नव्हतं. शेजारीण विचारायची तेव्हा त्या "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढं सांगून विषय बदलायच्या.

चौकटरावांचा एकच धर्म होता, तो म्हणजे सुसंगतपणा. एका गोष्टीला एकच नाव. जुन्या मार्गदर्शिकेत एकाच गोष्टीला एका पानावर "पान", दुसऱ्यावर "पडदा" आणि तिसऱ्यावर "दृश्य" म्हटलेलं होतं, ते वाचून त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. घरीसुद्धा बायको "तो डबा दे" म्हणाली की ते विचारत, डबा म्हणजे मघाशी जिला बरणी म्हणालीस ती का. बायकोने डबा स्वतः उठून घ्यायची सवय लावून घेतली होती.

उदाहरणांच्या बाबतीत तर जुन्या मार्गदर्शिकेत नुसता गोंधळ होता. एका पानावर बँकेचं उदाहरण, दुसऱ्यावर पुस्तकांच्या दुकानाचं. नव्या आवृत्तीत चौकटरावांनी तो सगळा पसारा काढून टाकला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच काल्पनिक दुकान घेतलं: छत्री दुरुस्ती केंद्र. एक पत्ता, एक नंबर, एक वेळ, सोमवारी बंद. पत्ता त्यांनी कल्पनेतला दिला. नंबरही कल्पनेतलाच द्यायचा होता, पण खोटा नंबर ओळखून परत पाठवणं हेच त्या पानावरच्या उदाहरणाचं काम होतं, त्यामुळे खोटा नंबर दिला की ते चालतच नसे. खरा नंबर हवा होता, पण कुणाला त्रास होणार नाही असा. तेव्हा त्यांना रुमालाखालचा फोन आठवला. त्यावर कुणाचा फोन येत नाही हे त्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. शिवाय उदाहरणाच्या डोक्यावर त्यांनी ठसठशीत चौकट टाकली: "हा केवळ नमुना आहे. नाव, नंबर, वेळ आणि सुट्टीचा वार बदलून स्वतःचा लिहा." याहून जास्त कुणी माणूस काय करू शकतो?

ही आवृत्ती त्यांनी जीव ओतून लिहिली होती, पण कंपनीच्या मालक साहेबांना तिची किंमत नव्हती. साहेब स्वतः जुने प्रोग्रॅमर. प्रोग्रॅमरला सगळं बघितल्याबरोबर कळतं आणि न कळल्यास तो प्रोग्रॅमर नाही, अशा मताचे. त्यांनी चौकटरावांना केबिनमध्ये बोलावून सरळच सांगितलं होतं, "तुम्ही लिहिता ते कुणी वाचतं का हो? महिनाअखेरपर्यंत मला एक वाचक दाखवा. जिवंत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला. नाहीतर हे टेबल बंद, आणि तुम्ही सेल्समध्ये."

सेल्समध्ये, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांना वेबसाइट बांधून देण्याची कामं मिळवणाऱ्या खात्यात, दिवसभर अनोळखी लोकांशी फोनवर बोलावं लागे. चौकटरावांना ओळखीच्या लोकांशी फोनवर बोलतानाही घाम फुटत असे. त्या दिवसापासून ते वाचकाच्या शोधात होते. ऑफिसातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला त्यांनी विचारून पाहिलं. सगळ्यांनी मार्गदर्शिकेचं तोंड भरून कौतुक केलं आणि वाचली का म्हटल्यावर सगळ्यांना अचानक मीटिंग आठवली.

इकडे घरी फोन वाजतच राहिला. एकाच्या कुत्र्याने मोजा गिळला होता, त्याला जनावरांचा डॉक्टर हवा होता. एका मुलीला व्हायोलिन शिकायचं होतं. एका नवऱ्या मुलाला सूट कंबरेत सैल करून हवा होता आणि लग्न तोंडावर आलं होतं. पहिले काही दिवस सासूबाईंनी इमानदारीत राँग नंबर म्हणून सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की राँग नंबर म्हटलं की लोक फोन ठेवतात, आणि पुन्हा हॉलमध्ये शांतता होते. तेव्हापासून त्या लोकांना आधी बोलू देऊ लागल्या. कुत्रेवाल्याला त्यांनी मोजा लोकरी की सुती हे विचारलं आणि त्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. सूटवाल्याला आठवडाभर रात्रीचं जेवण निम्मं करायला सांगितलं. व्हायोलिनवाली मुलगी तर रोजच फोन करू लागली, कारण तिला शिकवणीपेक्षा कुणाशी तरी बोलायचंच होतं आणि सासूबाईंचंही तेच होतं.

"आई, हे सगळे फोन येतायत कुठून?" लेकीने एकदा विचारलं.

"वेबसाइटवरून," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य बोलताना त्यांना आपणही कॉम्प्युटरमध्ये असल्यासारखं वाटे.

चौकटरावांच्या डोक्यात मात्र वाचकाशिवाय दुसरं काहीच शिरत नव्हतं. शेवटी प्रकाश पडला तो बायकोमुळे. ती एका चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. एका संध्याकाळी तिने पर्स खुर्चीवर टाकत सांगितलं की आज दुकानात एक म्हातारे गृहस्थ मोडकी छत्री घेऊन आले होते.

चौकटराव ओव्हनचं घड्याळ लावण्याचा प्रयत्न करत होते. ओव्हन घरी आला त्याच दिवशी त्यांनी त्याची पुस्तिका खोक्यासकट बाजूला सारली होती, असल्या यंत्राला काय वाचायचंय म्हणून, आणि तेव्हापासून त्याच्या घड्याळात शून्यं मिचकत होती. त्यांचं बोट बटणावरच थबकलं.

"छत्री का?"

"आमच्या नव्या वेबसाइटवर खाली लिहिलंय म्हणे, छत्र्या दुरुस्त करून मिळतील. मालकाच्या भाच्याने केलीय वेबसाइट. आणि सोमवारी आम्ही बंद असतो असंही लिहिलंय. आम्ही कधीच बंद नसतो सोमवारी. पण लोक यायचेच थांबले, तेव्हा मालक म्हणाले, बंदच ठेवू सोमवारी, उगाच दिवे कशाला जाळायचे." तिने चपला काढल्या. "मला काय, सुट्टी मिळाली."

चौकटराव तसेच जाऊन कॉम्प्युटरपाशी बसले. लिफ्ट दुरुस्तीवाले, जनावरांचा दवाखाना, व्हायोलिनचे वर्ग, शिंपी, चष्म्याचं दुकान. ज्याची ज्याची वेबसाइट उघडावी तिथे संपर्काच्या पानावर सासूबाईंचा नंबर. सगळे सोमवारी बंद. व्हायोलिनच्या वर्गाने तर छत्रीचं चित्रसुद्धा तसंच ठेवलं होतं. त्यांनी लिहिलेलं उदाहरण लोकांनी जसंच्या तसं उचलून चिकटवलं होतं, आणि वरची चौकट, ती ठसठशीत, ठळक, डोळ्यांत भरणारी चौकट, तेवढी प्रत्येकाने काळजीपूर्वक मागे सोडली होती.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, कारण मार्गदर्शिका लोक वापरतायत याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणायचा? मग त्यांच्या लक्षात आलं की हा पुरावा साहेबांच्याच बाजूचा आहे. लोक वापरतात, पण वाचत नाहीत. आणि तो पुढे करायचा म्हणजे आपण जगभर वाटलेल्या मार्गदर्शिकेत सासूचा नंबर छापला, हेही कबूल करायचं. चौकटराव चांगलेच कात्रीत सापडले. त्यांनी मुकाट्याने उदाहरणातला नंबर बदलला, पण जे वेबसाइटींवर जाऊन बसले होते ते काही त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

घरी त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सासूबाई रागावतील असं त्यांना वाटत होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही पुस्तक लिहिता?"

"पुस्तक म्हणजे, मार्गदर्शिका, आई."

"इतके दिवस सांगितलं नाहीत ते. आणा बघू इकडे."

त्यांना त्यातलं काही कळणार नाही असं चौकटरावांनी सांगून पाहिलं. पण रोज फोन घ्यायचे तर आपण कुठल्या दुकानात बसलोय ते कळायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि ते चौकटरावांना खोडून काढता येईना. त्यांनी सगळी मार्गदर्शिका छापून आणली. सासूबाईंनी चष्मा पुसला, खुर्ची उजेडाकडे वळवली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारातून चौकटराव चोरून बघत राहिले. त्या पान उलटत, थांबत, मागे जाऊन काहीतरी पुन्हा बघत आणि परत पुढे येत. आपलं लिहिलेलं कुणी असं वाचताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. हातातला कप विसळायचा राहून गेला आणि बायकोने तो काढून घेतला तेही त्यांना कळलं नाही.

वाचून झाल्यावर सासूबाईंनी कागदांचा गठ्ठा नीट जुळवला. "छान आहे. समजत काही नाही, पण स्वच्छ आहे. एक मात्र खटकलं हो, जावईबापू. सुरुवातीला म्हणता दुकान सोमवारी बंद. आणि पुढे ते वेळ ठरवून द्यायचं शिकवलंय, तिथे माणूस छत्री घेऊन येतो सोमवारी सकाळी. तो बिचारा बंद दारापुढे उभा राहील की."

चौकटरावांनी पान काढून बघितलं, तर खरंच तसं होतं. एकच दुकान, एकच वेळ, सगळीकडे सुसंगत, म्हणून ज्या मार्गदर्शिकेचा त्यांना अभिमान, तिच्या पोटात ही विसंगती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण इतक्या वर्षांत कुणी तरी आपली चूक काढली, या विचाराने मनातल्या मनात सुखावल्यासारखंही वाटत होतं.

महिना संपला तो सोमवारी. साहेबांनी त्यांना सकाळीच बोलावून घेतलं. साहेबांचा मूड आधीच गेला होता, कारण नवी आवृत्ती आल्यापासून कंपनीला गिऱ्हाइकांचा एकही फोन आला नव्हता. सेल्सची मंडळी नुसती माश्या मारत बसली होती. बाजार थंड आहे, खर्च कमी करायला हवा, असं साहेब म्हणाले, आणि सुरुवात चौकटरावांच्या टेबलापासून.

"वाचक मिळाला का?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आधी चौकटरावांना एक शंका आली. "साहेब, कंपनीच्या नव्या वेबसाइटवरचं संपर्काचं पान कुणी केलंय?"

"मी स्वतः," साहेब अभिमानाने म्हणाले. "चहा गार व्हायच्या आत केलं. आणि तुमचं काही वाचायची गरज पडली नाही, हेही सांगून ठेवतो."

"त्यावरचा नंबर एकदा लावून बघता का?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घालत नंबर लावला आणि आपला मुद्दा सगळ्यांना ऐकू जावा म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे सासूबाईंनी उचलला.

"आज सोमवार आहे. बंद असतं."

"काय बंद असतं? कोण बोलतंय? मी फ्रेमवर्कच्या कंपनीचा मालक आहे."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "मालक आहात, मग आपल्याच कंपनीचं वाचत का नाही? चौकटीत एवढं ठळक लिहिलंय, नाव बदला, नंबर बदला, सुट्टीचा वार बदला. शाळेतल्या पोरासारखं बघून उतरवलंत, तेही चुकीचं."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराशी सेल्सची दोन माणसं येऊन उभी राहिली होती. "बाई, तुम्ही... तुम्ही ती मार्गदर्शिका वाचलीय?"

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यात सोमवारची एक चूक आहे, ती तेवढी दुरुस्त करायला सांगा लेखकाला. आणि हो, तुमच्यासाठी निरोप आहे. एका मोठ्या दुकानांच्या साखळीतल्या बाईंचा फोन येऊन गेला. त्यांना सगळ्या दुकानांची वेबसाइट तुमच्याकडून करून हवी होती. दुसऱ्या कंपनीत फोनवर मशीन बोलतं, इथे माणूस बोलतं, म्हणून तुमच्याकडे आल्या. मी सांगितलं, मंगळवारी करा, सोमवारी हे लोक बंद असतात."

साहेबांनी फोन खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "कोण आहेत या?"

"वाचक, साहेब," चौकटराव म्हणाले. "जिवंत."

टेबल वाचलं. दुकानांच्या साखळीचं काम मिळालं. सगळ्या वेबसाइटवाल्यांना कळवून नंबर बदलायला लावले गेले आणि जो तो आपापल्या नंबरावर गेला. चष्म्याचं दुकान पुन्हा सोमवारी उघडलं आणि बायकोने त्याबद्दल नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. व्हायोलिनवाली मुलगी सोडली तर हॉलमधला फोन गप्प झाला. सासूबाईंनी त्यावर रुमाल टाकला, पण खुर्ची काही हलवली नाही. कधीमधी त्या रुमालाचं टोक उचलून बघत आणि परत ठेवत. चौकटरावांना ते बघवेना.

म्हणून पुढच्या आवृत्तीत, साहेबांची परवानगी घेऊन, त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ टाकली. चौकटीत नाही, कारण चौकट कुणी वाचत नाही हे आता सिद्ध झालं होतं. साधी ओळ, हॉलमधल्या फोनचा नंबर देऊन: "अडलं तर या नंबरावर फोन करा. सोमवारी बंद." पगार सासूबाईंनी नाकारला, पण नवा रुमाल मागून घेतला.

आता दूरदूरचे प्रोग्रॅमर फोन करतात. ते आपली अडचण घडाघडा सांगतात, त्यातलं सासूबाईंना अक्षर कळत नाही. सगळं ऐकून झालं की त्या विचारतात, "वाचलंत का?" पलीकडे शांतता होते. "मग वाचा, आणि तरी अडलं तर परत करा. मी आहे इथेच." बहुतेकांना परत करावा लागतच नाही. अशी मदत आपल्या धंद्यात कुणीच देत नाही, असं साहेब चारचौघांत सांगतात. व्हायोलिनवाली मुलगी अजून रोज ठरलेल्या वेळी फोन करते, सोमवारीसुद्धा, आणि सोमवारी तो फक्त तिच्यासाठी उचलला जातो.

परवा संध्याकाळी बायको घरी नव्हती. चौकटरावांनी ओव्हनमध्ये बटाटे भाजायला ठेवले, वास सुटला, आणि दार उघडेना. त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. घड्याळातली शून्यं तेवढी जोरात मिचकायला लागली.

"आई," त्यांनी हाक मारली, "हा ओव्हन उघडत नाहीये."

हॉलमधून नेहमीचाच आवाज आला. "पुस्तिका वाचलीत का?"

चौकटरावांनी पुन्हा एकदा दार ओढून पाहिलं.

"मी खोक्यातून काढून ठेवलीय. फळीवर आहे, उघडून ठेवलेली. चौकटीत लिहिलंय बघा."

चौकटरावांनी पुस्तिका हातात घेतली. करपल्याचा वास यायला लागला होता आणि वाचत बसायला वेळ नव्हता. त्यांची नजर वरच्या ठळक चौकटीवरून घसरून थेट खालच्या चित्रावर गेली. चित्रात बाण दाखवलेलं बटण त्यांनी दाबलं. ओव्हनने एक लांब शिटी दिली आणि दार आणखी घट्ट बसलं.

"सावकाश वाचा," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे इथेच."